सातवी फाईल

"मी काहीच करत नव्हते हो," तीन नंबरच्या काउंटरवरची चष्मेवाली म्हणाली. "नुसती बसले होते. आपोआप बंद पडलं."

"नुसत्या बसला होता," असं पुटपुटत पंचनाम्याने वहीत लिहिलं, गळ्यातला पेनड्राइव्ह काढला आणि गुडघ्यावर बसून टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात खुपसला.

"म्हणजे असं नाही की काम करत नव्हते," चष्मेवालीला आता वेगळीच काळजी लागली. "पण हात नव्हता लावला. खरंच."

"नाही लावला ना. मग झालं तर."

रक्त-लघवी तपासणारी ती मोठी प्रयोगशाळा होती. तीन मजले, एकतीस कॉम्प्युटर. माणूस नमुना द्यायला आला की त्याचं नाव, वय, डॉक्टर, तपासणी हे सगळं काउंटरवरच्या बाईने टाइप करायचं, छापून आलेली चिठ्ठी बाटलीला चिकटवायची आणि बाटली आत सरकवायची. ज्या प्रोग्रॅमवर हे चालायचं तो एका बाहेरच्या कंपनीने लिहिलेला होता, आणि तो आठवड्यातून दोनदा तरी पडायचा. पडला की हा हजर. याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सगळे त्याला पंचनामाच म्हणायचे, कारण त्याचं कामच तसं होतं. प्रोग्रॅम पडला त्या क्षणी कॉम्प्युटरच्या डोक्यात काय चाललं होतं, शेवटची चूक कोणती नोंदली गेली, आणखी कोणते प्रोग्रॅम चालू होते, अशा सहा फायली गोळा करायच्या, त्यांची एक मोट बांधायची आणि कंपनीला पाठवायची. सोबत एक ओळ त्याच्या हातची: पडताना वापरणारी व्यक्ती काय करत होती.

एकोणीस वर्षांत त्या ओळीत एकच उत्तर आलं होतं. काहीच नाही. पाण्याचा ग्लास कीबोर्डवर सांडलेला, त्यातून पाणी ठिबकतंय, आणि बाई म्हणतेय काहीच नाही. माणूस एकाच वेळी पत्त्यांचा खेळ आणि मेहुण्याच्या लग्नाचे फोटो उघडून बसलेला, तोही काहीच करत नव्हता. पंचनामा हसायचा, लिहायचा, पण आतून त्याला ते लागायचं. इतकी वर्षं मी यांच्या पायाशी बसून यांची घाण निस्तरतो आणि हे मला एक खरं वाक्य देत नाहीत, असं त्याला वाटायचं. वाटण्यात चूकही नव्हती काही.

तीन नंबरचा पंचनामा उरकून तो उठला तेव्हा शेजारच्या चार नंबरवरून ताईने मान न वळवता विचारलं, "काय रे धाकट्या, सापडला का खुनी?"

"कुणी हातच नाही लावला म्हणे."

"मग आत्महत्या लिही," ताई म्हणाली. रांगेतला म्हातारा खोकत खोकत हसला.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ती सतरा. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि नोकरीलाही इथे तिनेच चिकटवलं. चार नंबरवर ती सव्वीस वर्षं बसत होती. सगळी प्रयोगशाळा तिला ताईच म्हणायची, साहेबांसकट. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची पंचनाम्याला कधी हिंमत झाली नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावलं.

"कंपनी ओरडतेय," साहेब म्हणाले. "तुम्ही जिना उतरून पोचेपर्यंत बाई पुन्हा प्रोग्रॅम चालू करतात, आणि निम्मा पुरावा पुसला जातो. त्यांचं म्हणणं, हे आपोआप व्हायला हवं. पडला रे पडला की सगळ्या फायली गोळा, आणि थेट त्यांच्याकडे. कुणाला बोलवायला नको, विचारायला नको. जमेल तुम्हाला?"

"जमेल की."

"तीन आठवडे. त्यानंतरच्या सोमवारी त्यांची बाई येणार बघायला. सगळ्या डॉक्टरांसमोर दाखवू. नाक कापू नका म्हणजे झालं."

पंचनाम्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणीस वर्षांत त्याला कुणी 'जमेल का' असं विचारलं नव्हतं. 'लवकर या' एवढंच म्हटलं होतं. तो कामाला असा भिडला की जेवायची शुद्ध राहिली नाही. दुसऱ्या आठवड्यातच सहाच्या सहा फायली आपोआप गोळा व्हायला लागल्या. मग त्याला ती ओळ आठवली. काय करत होता? आता तर विचारणारंच कुणी नसणार. त्याने विचार केला, आणि कुणी मागितली नसताना सातवी फाईल वाढवली. प्रोग्रॅम पडायच्या आधीच्या पाच मिनिटांत माणसाने कोणतं बटण दाबलं, किती वेळा, किती वेळ दाबून धरलं, सगळं तीत उतरायचं.

"आता बघू कोण काहीच करत नाही ते," तो स्वतःशी म्हणाला. त्या क्षणी त्याच्यासारखा सुखी माणूस त्या तीन मजल्यांत दुसरा नव्हता.

दुपारी ताई आणि तो जुन्या रजिस्टरांच्या खोलीत जेवायचे. तिथे कुणी यायचं नाही, म्हणून ताईने ती जागा शोधली होती. तिचा उजवा हात दोन वर्षांपासून कापत होता. बाटली धरताना ती डावा हात असा काही पुढे करायची की बघणाऱ्याला वाटावं ही डावरीच आहे. पण टाइप करताना बोट बटणावरून लवकर उठायचं नाही, आणि एका अक्षराची चाळीस अक्षरं व्हायची. हे फक्त पंचनाम्याला माहीत होतं. त्याने तिच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण करून ठेवली होती: बटण कितीही वेळ दाबून धरा, अक्षर एकदाच उमटणार. दोन मिनिटांचं काम. मात्र रविवारी कॉम्प्युटरमध्ये काही नवं घातलं की ती खूण आपोआप पुसली जायची, म्हणून दर सोमवारी सकाळी तो चार नंबरवर 'धूळ पुसायला' जायचा.

जपायचं कारण साधं होतं. काउंटरवरच्या माणसाचा हात कापतो हे कळलं असतं, तर ती घरी बसली असती. गेल्याच वर्षी सात नंबरच्या काकांना कमी ऐकू येतं म्हणून पंधरा दिवसांत नारळ दिला होता. ताईला निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

"चौदा महिने ढकलायचेत रे फक्त," ती डब्यातला घास डाव्या हाताने उचलत म्हणाली. "मग खुशाल कापू दे मेल्याला. घरी काय, भिंतींना दाखवायचाय? आत्ता मात्र मला सकाळी आठला त्या खुर्चीत बसायचंय. दिवसाला दोनशे माणसं माझ्याशी बोलतात."

"बसशील की. मी आहे ना."

"ते तुझं नवीन काय ते, माझ्यावर पण बसवणार?"

"एकतीसच्या एकतीसवर."

"मग माझं ते बटणाचं?"

"अगं, ते माझ्या डोक्यात आहे," पंचनामा म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास तिला सातव्या फायलीचं कौतुक सांगत बसला. ती हसली. चष्मेवालीची आता खैर नाही म्हणाली.

रविवारी त्याने ते बसवलं. एरवी असलं काही बसवायचं तर तो एकेका कॉम्प्युटरपाशी जायचा, प्रत्येकाच्या टेबलाखाली शिरायचा. या वेळी कंपनीने शिकवलं होतं तसं त्याने वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून एकच आज्ञा दिली आणि एकतीसही कॉम्प्युटर एका फटक्यात तयार झाले. पडद्यावर एकतीस हिरवे ठिपके. तो पाय लांब करून त्या ठिपक्यांकडे बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे गुडघे दुखले नव्हते.

चार नंबरवर तो गेला नाही. जायचं कारणच उरलं नव्हतं, असं त्याच्या डोक्याने धरून घेतलं. आणि सोमवारी सकाळी कंपनीची बाई साडेआठलाच येऊन थडकली, साहेबांनी त्याला दारातूनच पकडून वर नेलं, तेव्हा तर धूळ पुसायची वेळच टळून गेली.

वरच्या सभागृहात वीसेक माणसं होती. डॉक्टर, विभागांचे प्रमुख, पुढच्या रांगेत कंपनीची बाई, मांडीवर लॅपटॉप, बोलणं मोजकं. पंचनाम्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने ठरवलं होतं की एका रिकाम्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम मुद्दाम पाडायचा आणि फायली कशा येतात ते दाखवायचं. तो बोलायला उभा राहिला, घसा खाकरला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एक ठिपका लाल झाला.

"आलं की," साहेब खूश होऊन म्हणाले. "खरंखुरंच पडलं कुठेतरी."

एक, दोन, तीन करत फायली येऊन पडद्यावर रांगेने बसल्या. अकरा सेकंद लागले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. अकरा सेकंद. पंचनाम्याला चाळीस मिनिटं लागायची. त्याचा ऊर भरून आला, आणि भरलेल्या उराने त्याने काउंटरचा आकडा वाचला. चार.

चार नंबरवर तो गेलाच नव्हता. खूण. बटणाची खूण.

"सात कशा?" कंपनीच्या बाईने विचारलं. "आम्ही सहा मागितल्या होत्या."

"सातवी मी वाढवलीय मॅडम. म्हणजे, अजून कच्ची आहे ती. मी आपला दुसरा कॉम्प्युटर पाडून दाखवतो, त्यात नीट—"

"दुसरा कशाला? ही ताजी आहे," साहेब म्हणाले. "उघडा सातवी."

"साहेब, ती—"

"उघडा हो. सगळ्यांना कळू दे तुम्ही काय केलंय."

त्याने उघडली. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला सांगत राहिला की साहेबांनी सांगितलं म्हणून उघडली. पण माउसवर बोट ठेवताना आपल्या मनाच्या एका कोपऱ्यात अजूनही त्या अकरा सेकंदांचा आनंद होता, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नाही.

पडदा भरून 'म' आले. आडनावाच्या रकान्यात म, म, म, ओळीमागून ओळी. मग ते पुसले होते. मग पुन्हा म. पुन्हा पुसले होते. तिसऱ्या वेळी दोनशे चौदा म, आणि तिथे प्रोग्रॅम पडला होता.

सभागृहात हशा पिकला. "कीबोर्डवर डोकं ठेवून झोपलंय कोणीतरी," एक डॉक्टर म्हणाले. दुसरे म्हणाले, "नाही, मांजर बसलंय." साहेबही हसले, पाहुण्यांसमोर हसायचं तेवढं.

कंपनीची बाई हसली नाही. ती वाचत होती. "बटण सोडायला नेहमीच्या सहापट वेळ लागतोय," ती म्हणाली. "प्रत्येक बटण. आणि मधेच थरथरल्यासारखं दोनदोनदा. सुरेख फाईल आहे ही. आमच्याकडेही अशी नाही. याचा अर्थ प्रोग्रॅममध्ये दोष नाही. वापरणाऱ्यात आहे."

"मॅडम, रकाना भरला तर प्रोग्रॅमने थांबवायला पाहिजे," पंचनामा म्हणाला. "पडायला नको. दोष तिथे आहे."

"धडधाकट माणूस दोनशे चौदा वेळा म दाबत नाही."

"कीबोर्ड अडकत असेल."

"मग नवा लावून बघू. दोन मिनिटांचं काम आहे."

साहेब उठले, त्यांच्यामागे बाई, बाईमागे डॉक्टर. वरात खाली उतरली. नवा कीबोर्ड भांडारातून पंचनाम्यानेच आणला, त्याचं प्लास्टिक त्यानेच फाडलं आणि चार नंबरला त्यानेच जोडला. समोर पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती, कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या दंडाला कापूस. एवढे पांढरे डगले बघून रांग मागे सरकली.

"काय झालं रे?" ताईने हळूच विचारलं. तिचा उजवा हात मांडीवर होता, डाव्या हाताखाली झाकलेला.

तो कीबोर्डची वायर चाचपत राहिला.

"ताई, काही नाही, एक छोटी चाचणी," साहेब म्हणाले. "तुमचंच नाव लिहून दाखवा जरा."

"माझं नाव?"

"हो. सोपं आहे की."

ताईने डावा हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी," कंपनीची बाई म्हणाली. दुष्टपणाने नव्हे, चाचणी बरोबर व्हावी म्हणून.

ताईने उजवा हात वर काढला आणि तो सगळ्यांना दिसला. बोट बटणावर टेकलं आणि उठेना. स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराने तिने अर्धा पडदा भरला. पुसायला गेली तर पुसायचं बटण तसंच दाबलेलं राहिलं आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं. पुन्हा लिहिलं. रांगेतलं एक लहान पोर फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला दटावलं नाही, तीही पडद्याकडेच बघत होती. शेजारी चष्मेवाली आपल्या चिठ्ठ्या सारख्या करत बसली. थांबवा म्हणायला तोंड फक्त पंचनाम्याला होतं, आणि तो कीबोर्डची वायर धरून उभा होता.

"पुरे," कंपनीची बाई म्हणाली. "नोंद पूर्ण करून टाका. ती शेवटची ओळ असते ना तुमची?"

"विचारा," साहेब त्याला म्हणाले.

"साहेब, आता आपोआप—"

"विचारा हो. नियम म्हणजे नियम. बहीण आहे म्हणून सोडणार का?"

पंचनाम्याने खिशातून वही काढली. चारचौघांतही तो तिला कधी अहोजाहो करत नसे. आज केलं.

"प्रोग्रॅम पडला तेव्हा... काय करत होता तुम्ही?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती सव्वीस वर्षं रांगेतल्या माणसाकडे बघायची तसंच तिने पाहिलं, पुढे या, नाव सांगा, तसं.

"काम करत होते," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत ते उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. त्याने ते लिहिलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. तपासणी झाली, कागद आला, काउंटरसाठी अपात्र. चौदा महिने आधी, प्रकृतीच्या कारणाने, स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडत आहे, असा अर्ज आस्थापनेच्या कारकुनाने छापून तयार ठेवला. तिला फक्त सही करायची होती. पंचनामा सोबत गेला. त्याला आता वेळच वेळ होता. फायली आपापल्या जात होत्या.

ताईने सही केली. कारकुनाने कपाटातून तिचं सव्वीस वर्षांपूर्वीचं कार्ड काढलं, दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या आणि ओठ मुडपले.

"जुळत नाही हो ताई."

तिने दुसऱ्या अर्जावर केली. तीही जुळेना. तिसऱ्यावर तर पेन कागदातून आरपार गेलं.

"मीच आहे अरे," ताई म्हणाली. "रोज बघतोस ना मला?"

"तुम्ही त्याच आहात हो. सही ती नाही. वर पाठवलं तर परत येईल." त्याने खणातून शाईचा पॅड काढून टेबलावर ठेवला. "अंगठा लावा, मिटलं."

ज्या बाईने सव्वीस वर्षं हजारो लोकांची नावं लिहिली ती त्या पॅडकडे बघत बसली. तेवढ्यात पंचनाम्याचा फोन वाजला. कंपनीचं पत्र होतं. चार नंबरच्या फायली तपासल्या. दोष प्रोग्रॅममध्येच सापडला. रकाना भरल्यावर तो थांबवत नव्हता. आज दुरुस्त केला आहे. यापुढे कोणतंही बटण कितीही वेळ दाबलं गेलं तरी एकच अक्षर उमटेल. उत्तम फायलींबद्दल आभार.

त्याने ते दोनदा वाचलं.

"काय आलं रे?" ताईने विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि अंगठा शाईत बुडवला. चौथ्या अर्जावर टेकवला तसा तो कापला आणि ठसा फराटला. कारकुनाने नवा अर्ज काढला, हा पाचवा.

"जरा हात धरा त्यांचा," तो पंचनाम्याला म्हणाला.

पंचनाम्याने तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं. किती बारीक झालं होतं. त्याने अंगठा कागदावर टेकवला आणि दाबून धरला, कारकून पुरे म्हणेपर्यंत.

"वा, स्वच्छ आला," कारकून म्हणाला, आणि ठशावर फुंकर मारून त्याने अर्ज फायलीत लावला.

ताईने रुमाल काढून अंगठा पुसला. शाई रुमालाला लागली आणि अंगठ्यावरही राहिली. तिने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली.

"तू जा आता," ती म्हणाली. "कुठेतरी काहीतरी पडलं असेल, माणसं वाट बघत असतील तुझी."

"हो," पंचनामा म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.